हातभर तोर्तिया

अंगठी काढा. बांगड्या, कडं, घड्याळ, हातात जे काही असेल ते उतरवून ठेवा आणि बाह्या दंडापर्यंत वर सरकवा. का, ते दुपारपर्यंत कळेल. मोबाइल बरोबर घेऊन उपयोग नाही, रेंज यायला अजून शंभरेक वर्षं आहेत. आता डोळे मिटा आणि एक खोल श्वास घ्या.

धूर लागला? गोडसर, थोडा उग्र, पण घशाला न बोचणारा. हे मेस्कीतेचं लाकूड. आपल्याकडे माळरानावर माजलेली वेडी बाभूळ याच कुळातली आहे, तेव्हा वास अगदीच अनोळखी वाटणार नाही. धुरामागून येतोय तो ओल्या मातीचा वास. रात्रीच पाटाचं पाणी कुणीतरी शेताला सोडलंय. आणि त्याच्याही मागून शेण, घाम, घोडे. उघडा डोळे.

अंधारच आहे अजून. तुम्ही उत्तर मेक्सिकोत, सोनोरा प्रांतातल्या बानामिची नावाच्या गावात, एका मातीच्या घराच्या मागच्या अंगणात उभे आहात. साल साधारण १८९०. महिना जून. उद्या २४ तारीख, म्हणजे सान हुआनचा सण, म्हणजे अख्खं गाव नदीवर जाणार. नदीवर जायचं तर शिदोरी लागते, आणि तुम्ही आलात ते बरोबर शिदोरीच्या दिवशी. पाहुणा म्हणून आलोय असं कुणाला सांगू नका. सांगितलंत तरी काम चुकणार नाही.

पायाशी काही हललं म्हणून दचकू नका. सगळं घर अंगणात झोपलंय. या दिवसांत मातीच्या जाड भिंतींआडही रात्री उकडतं, म्हणून कच्च्या चामड्याच्या पट्ट्यांनी विणलेल्या बाजा बाहेर काढल्या आहेत. एकेका बाजेवर दोन-दोन, तीन-तीन पोरं आडवीतिडवी पसरलीत. पलीकडे कुठेतरी गाढव ओरडतं. त्याला दुसरं उत्तर देतं, मग गावातलं प्रत्येक कुत्रं आपलं मत नोंदवतं. आता कुणी झोपून राहणं शक्यच नाही.

एक म्हातारी अंधारातूनच तुमच्या हातात दोरी बांधलेलं रिकामं पोतं कोंबते. तिला सगळे ‘नाना’ म्हणतात. हसू नका, इथे आजीला नाना म्हणतात आणि आजोबांना ताता. नाना तुमच्या हातांकडे बघते. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. मग मान हलवते. ही मान कुठल्या अर्थानं हलली ते विचारण्यात अर्थ नाही.

तोर्तिया करायची तर पीठ हवं, आणि तुमच्या घरी पीठ पिशवीतून येतं. इथे ते अजून खळ्यावर पडलंय.

चला, उतारानं खाली. गाव जरा उंचावर आणि शेतं खाली नदीकाठी, पाटाच्या पाण्यावर. वाटेत पाट ओलांडताना पाय बुडवून घ्या, पुढे दिवसभर असं थंड काही पायाला लागणार नाही. खळं म्हणजे चोपून टणक केलेलं मातीचं गोल अंगण. मध्ये गव्हाच्या पेंढ्या पसरलेल्या, आणि त्यांच्यावरून घोड्या-खेचरांची पात गरागरा फिरतेय. मधोमध एक माणूस दोर धरून उभा आहे आणि ओरडतोय, सतत ओरडतोय. जनावरांनी ऐकावं म्हणून नव्हे, एक ठेका राहावा म्हणून. खुरांचा धबधब आवाज, काडाचा चुरचुर आवाज, धुरळा. पूर्वेकडच्या डोंगरामागं फटफटायला लागतं तेव्हा तो धुरळा सोनेरी दिसू लागतो आणि क्षणभर तुम्हाला फार काव्यात्मक वाटतं. पुढच्या क्षणी तो तुमच्या मानेवरून आत उतरतो. खाज सुटते. काव्य संपतं.

तरी नशीब समजा की या गव्हाला कुसळं नाहीत. ओंबी बोडकी, दाणा फिकट, पांढुरका आणि मऊ. दाताखाली धरलात तर कटकन फुटत नाही, दबतो आणि मग चिकट होतो. चावून बघा मूठभर. मुलं तेच करतात, चावून चावून तोंडात चिकट गोळा करतात आणि तासभर चघळत बसतात. हा चिवट, ताणला जाणारा गोळाच दुपारी तुमच्या हातावर चढणार आहे.

आता तुम्ही विचाराल, मेक्सिको म्हटलं की मका; इथे गहू कसा? मका या मुलखाचा मूळ रहिवासी खराच, पण तो उन्हापावसाचा गडी. हिवाळ्यात इथे दंव गोठतं आणि मका मान टाकतो. सतराव्या शतकात जेझुइट पाद्री गहू घेऊन आले. नोव्हेंबर-डिसेंबरात पेरायचा, उन्हाळा तापला की काढायचा. ज्या महिन्यांत शेत रिकामं आणि कणगी तळाला लागलेली, नेमके तेच महिने या पिकानं भरून काढले. एउसेबियो किनो नावाचा पाद्री तर १६८७ मध्ये इथून उत्तरेकडे पिमा लोकांच्या मुलखात उतरला आणि १७११ मध्ये मरेपर्यंत घोड्यावरून बियाणं आणि गुरं पोचवत हिंडला. लोकांनी त्याचा धर्म किती घेतला आणि किती घेतल्यासारखा केला यावर विद्वान भांडोत. गहू मात्र मनापासून घेतला, आणि त्याची भाकरी नव्हे तर तोर्तिया केली.

आणि एक गोष्ट, जी या खळ्यावर फक्त तुम्हाला ठाऊक आहे. याच प्रांताच्या दक्षिणेला, याकी नदीच्या खोऱ्यात, पुढे सत्तरेक वर्षांनी बुटक्या गव्हाची वाणं तयार होतील. त्यातल्या ‘सोनोरा ६४’ आणि ‘लेर्मा रोहो ६४’ यांचं १८,००० टन बियाणं १९६६ मध्ये भारत विकत घेईल. सोनोराचा लालसर दाणा आपल्या लोकांच्या पसंतीला उतरणार नाही, पोळी कशी पिवळसर गोरी हवी! म्हणून दिल्लीतले संशोधक त्यावर प्रयोग करून ‘शरबती सोनोरा’ काढतील. हे आत्ता समोरच्या दोरवाल्याला सांगायचा मोह आवरा. त्याला वारा हवाय, माहिती नको.

वारा सुटला. उफणणी सुरू. लाकडी दाताळ्यानं काड-दाणा उंच उडवायचा; भूस वाऱ्यावर पलीकडे जातं, दाणा जागेवर पडतो. तुमच्या हातात दाताळं दिलं जातं. पहिल्याच झेपेत तुम्ही वाऱ्याच्या तोंडाला उभे राहिलात आणि सगळं भूस तुमच्या डोळ्यांत. खळ्यावरची माणसं मनमोकळी हसतात. बाजूला व्हा. कालचा उफणलेला गहू त्या कोपऱ्यात आहे. पोतं भरा आणि चला दळायला.

दळण गावच्या टोकाला. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं एक खेचर दांड्याला जुंपलेलं, ते गोल फिरतं, त्याच्याबरोबर वरचा दगड फिरतो. याला तहोना म्हणतात. आत उभं राहवत नाही इतकी गर्दी. उद्या सण, त्यामुळे सगळ्या घरांना आजच पीठ हवंय. पोत्यांवर बसून बायका नंबर लावतात आणि एकमेकींच्या सुनांबद्दल बोलतात. भाषा कळली नाही तरी विषय कळतो. हवेत पीठ एवढं की पापण्या पांढऱ्या होतात. मजुरी पैशात नाही, दळणातूनच काही मापं मालक ठेवून घेतो, आणि त्याचं माप जरा मोठं आहे अशी प्रत्येक बाईची खात्री आहे. पीठ हातात घ्या. कोमट आहे. वास घ्या: भाजक्या शेंगांसारखा गोड वास आणि त्यात दगडाचा किंचित कोरडेपणा. असा वास पिशवीतल्या पिठाला नसतो, कारण तो तुमच्यापर्यंत पोचायच्या आत उडालेला असतो.

परत येईपर्यंत ऊन चढलंय. नाना रामादात आहे. रामादा म्हणजे मेस्कीतेच्या मेढींवर फांद्या-पाला अंथरून केलेला मांडव; स्वयंपाक या दिवसांत तिथेच. कमरेइतका उंच मातीचा ओटा, त्याला ऑर्निया म्हणतात, आणि ओट्यावर विस्तव. तुमच्याकडच्या चुलीपुढे वाकून ज्यांनी जन्म काढला त्या सगळ्या बाया आठवा आणि या ओट्याला मनातल्या मनात नमस्कार करा. आडव्या वाशाला टांगलेला मातीचा पाझरता घडा, त्याच्याखाली कोंबड्या चोची वर करून थेंबांची वाट बघत उभ्या. लाल मिरच्यांची माळ. दोरीवर वाळत घातलेलं मांस, माशा आणि माशा.

नाना पीठ बारीक कापडाच्या चाळणीतून चाळते. जाड कोंडा कोंबड्यांना. मग ती पीठ काथवटीत घेते. एकाच ओंडक्यातून कोरलेली, कडा झिजून गुळगुळीत झालेली. मीठ, मूठ सैल सोडून. आणि मग मडक्यातून पांढरीशुभ्र मान्तेका.

शाकाहारी मंडळी इथे जरा थबकतील. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. हिवाळ्यात डुक्कर कापलं तेव्हा कढवून ठेवलेली, आता जूनच्या उष्म्यानं लोण्याइतकी मऊ झालेली. इथे मोहन याचंच असतं, आणि नानासमोर तेलाचा विषय काढण्यात हशील नाही, तेल या घरात नाही. घरी परतल्यावर तुपाचं किंवा लोण्याचं मोहन घाला, हरकत नाही, चव वेगळी येईल पण हातभर पातळ होईल.

बघा, ती चरबी पिठाला कशी लावते. मळत नाही, चोळते. दोन्ही तळव्यांमध्ये पीठ घेऊन घासत खाली सोडते, पुन्हा, पुन्हा, कणाकणाला चरबी लागेपर्यंत. मूठ आवळली तर मुटका होतो आणि बोटानं ढकलला तर विस्कटतो, इथवर. मग कोमट पाणी, थोडं थोडं. माप विचाराल तर ती तुमच्याकडे अशी बघेल की तुम्ही तिला श्वास किती घ्यायचा ते विचारलंत. पण तुमच्यासाठी म्हणून: किलोभर पीठ, दीडशे ग्रॅम मोहन, चमचा-दीड चमचा मीठ, आणि पाणी अर्ध्या लिटरपासून पुढे पीठ मागेल तेवढं. आपल्या पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवं. घरी करणार असाल तर मैद्यात थोडी बारीक चाळलेली कणीक मिसळा, नानाच्या पिठाच्या जरा जवळ जाईल.

आता मळा. तुम्हीच मळा, ती सरकून जागा देते. तळव्याच्या मुळानं पुढे रेटायचं, घडी घालून मागं ओढायचं. घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबतो. पुसायला हात मोकळे नाहीत, म्हणून खांद्याला नाक घासता. काथवट जमिनीवर डगडग हलते. आधी पीठ बोटांना धरून ठेवतं, मग हळूहळू बोटं सोडतं आणि स्वतःला धरतं. गालाला हात लावल्यासारखं गुळगुळीत झालं की नाना तुमचं मनगट पकडते. पुरे.

गोळे करायची तिची एक तऱ्हा आहे. अंगठा आणि तर्जनीचं कडं करून त्यातून पीठ वर दाबायचं. गोल डोकं बाहेर येतं, तिथेच चिमटा मारून तोडायचं. लहान मोसंबीएवढा एकेक तेस्ताल. प्रत्येकाला चरबीचा हात, वर ओलं फडकं. आणि मग नाना चक्क उठून जाते.

थांबायचं. हाच या सगळ्या कामातला अवघड भाग आहे आणि तुमच्या शतकात नेमका तोच कुणाला जमत नाही. मळताना पिठातलं ग्लूटेन आवळून बसलेलं असतं. आत्ता ताणायला गेलात तर रबरासारखं मागं येईल, नाही तर फाटेल. पाऊण तास सोडून द्या. ते आपणहून सैल होतं.

तोवर शेजारी डोकावून या. परसात जमिनीत अर्धी खणलेली एक बुटकी खोली आहे, हुकी म्हणतात तिला. खाली उतरा. अहाहा! ओलसर गारवा, अंधार, आणि त्यात बसून तीन बायका ताडाच्या पातीची टोपी विणताहेत. इथल्या ओपाता लोकांची ही जुनी युक्ती: वर रणरणत्या हवेत पात कडकडून तुटते, इथे खाली ती लवचिक राहते. बायकाही राहतात. बोटं आपोआप चालू आहेत आणि तोंडंही. उद्या नदीवर कोण कुणाच्या घोड्यावर बसणार, पाऊस कधी येणार, कुणाची मान्तेका संपली. एक बाई तुम्हाला कपभर कॉफी देते, काळी, कापडी पिशवीतून गाळलेली, गुळासारख्या पानोचाच्या खड्यानं गोड केलेली. बाहेर रातकिड्यांचे चुलतभाऊ, ते चिचारा, एका पट्टीत किंचाळायला लागलेत. ते जितके जोरात ओरडतील तितका पाऊस जवळ, असं बाया म्हणतात. आज तर कान फुटायची वेळ आलीय.

नानाची हाक. धावा.

ओट्यावर आता कोमाल चढलाय: लोखंडी पत्र्याचा मोठा तवा, पण पाठ वर करून बसलेला, फुगीर. खाली मेस्कीतेचे निखारे. तुम्ही तीन हात लांब उभे आहात आणि तरी भुवया तापतात. नाना एक तेस्ताल उचलते, तळव्यात थापून चपटा करते, कडा बोटांनी दाबत बशीएवढी करते. मग या हातावरून त्या हातावर. थप. थप. थप. प्रत्येक थपेला ती मोठी होते. हातावर, मग मनगटावर, मग कोपरापर्यंत, आणि कोपर ओलांडून दंडावर. लाटणं कुठेच नाही. पोळपाट नाही. तुमच्या बांगड्या कुठे गेल्या असत्या ते आता लक्षात आलं असेल.

खान्देशात मांडे करताना कुणाला पाहिलं असेल तर तुमचे डोळे अर्धं काम आधीच शिकलेत. तसंच सैल पीठ, तसंच दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवणं आणि तसंच उपड्या खापराच्या तापल्या पाठीवर अलगद सोडणं. नानाच्या आणि खान्देशातल्या आजीच्या भेटीचं काही कारण नव्हतं. पातळ आणि मोठं करायचं तर हातावर झेला आणि फुगीर पाठीवर भाजा, हे दोघींना पिठानंच शिकवलं असणार.

नाना तुमच्या हातावर एक तेस्ताल ठेवते.

पहिली चूक सगळे करतात तीच: तुम्ही ओढता. बोटांनी कडा धरून ओढता, आणि मध्यभागी एक खिडकी पडते. खिडकीतून तुम्हाला नाना दिसते. “ओढू नको बाळा,” ती म्हणते, “पडू दे तिला.” म्हणजे काय? ती तुमच्यामागे उभी राहते, तुमचे दोन्ही हात खालून धरते आणि हलवते. तिच्या अंगाला धूर, साबण आणि चरबी यांचा वास आहे. हात पसरा, सैल. तोर्तिया एका हातावरून दुसऱ्यावर टाका आणि टाकताना हात जरा खाली न्या. ती स्वतःच्या वजनानं लोंबते, लोंबते म्हणून वाढते. तुम्ही फक्त तिला फिरवत राहायचं, म्हणजे प्रत्येक बाजूला लोंबायची पाळी येते. बोटं नकोत, नखं तर नकोतच. मनगटाची मागची बाजू, हाताची लांबी, एवढंच वापरायचं. कातडीला ती गार, तेलकट आणि जिवंत लागते. दंडावरच्या लवेला चिकटते आणि सुटते. दुसरी कमी फाटते. मग एक अशी होते की तिच्यातून पलीकडचा विस्तव लाल दिसतो, आणि फाटलेली नसते! नाना काही बोलत नाही. कोमालकडे हनुवटी करते.

टाका. लांबून टाकू नका, घाबरून सोडूही नका. लांबची कड आधी टेकवा आणि हात स्वतःकडे काढून घ्या. टेकताक्षणी तिचा रंग बदलतो. काचेसारखी होती ती दुधाळ होते, जागोजाग फोड उठतात, फोडांच्या डोक्यावर तपकिरी ठिपके. पंचवीस-तीस सेकंद. बोटांनीच उलटा. हो, बोटांनीच, इथे चिमटा नाही. दुसरी बाजू त्याहून कमी. कडक झाली तर संपलं, पापड झाला. मऊ असतानाच उतरवून चौघडी घाला आणि फडक्यात गुंडाळा. एकीची वाफ दुसरीला लागते आणि सगळ्याच मऊ राहतात.

मग एक लय लागते. नाना ताणते, तुम्ही भाजता. कधी तुम्ही ताणता, ती भाजते. सून सरपण सारते. पोरं अंगणभर पळत येतात, मांडवाच्या कडेला थबकतात, उरलेल्या पिठाची जाड चिमुकली तोर्तिया मिळेपर्यंत हलत नाहीत. ती गरमागरम, वर फक्त मीठ. एक पोरगं ती या हातातून त्या हातात उडवत, फुंकर मारत, नाचत नाचत खातं. बाहेरचं ऊन पांढरं झालंय, पारा चाळिशीपार असणार. मांडवात विस्तवाजवळ किती असेल ते मोजायला कुणाकडे यंत्र नाही आणि फुरसतही नाही. तुमचा सदरा पाठीला चिकटलाय. फडक्यातला ढीग कोपराइतका उंच होतो.

मधेच नाना एक तोर्तिया फाडते, तुमच्या हातात अर्धी देते, आत ताज्या पांढऱ्या चीजचा तुकडा. आणि लाकडी छोट्या उखळीत चेचलेले लाल गोल दाणे, मिऱ्यांएवढे. चिल्तेपीन. डोंगरात झुडपांच्या सावलीत आपणहून उगवणारी ही रानमिरची, हिची शेती कुणी करत नाही. पाखरं खातात, त्यांना तिखट लागत नाही, आणि बी पसरवतात. अठराव्या शतकात इग्नाझ फेफरकोर्न नावाचा एक जर्मन पाद्री या प्रांतात राहून गेला. पहिल्या घासाला आपल्या डोळ्यांतून पाणी कसं आलं आणि वाचा कशी बसली हे त्यानं लिहून ठेवलंय. तुम्ही लवंगी मिरचीवर वाढलेले, तुम्हाला कसली भीती? टाका तोंडात. तीन दाणे टाका. एक... दोन... नाना हसायला लागलीय. पाणी पिऊ नका, पाण्यानं पसरतं, तोर्तिया चावा. तिखट झपाट्यानं चढतं, टाळू पेटते आणि तितक्याच झपाट्यानं उतरतं. मग जिभेवर राहतो तो गव्हाचा गोडवा, इतका वेळ तुम्हाला तो जाणवलाच नव्हता.

दुपार सगळे झोपून काढतात. तुम्हीही आडवे व्हा, हात दुखताहेत.

दुसऱ्या दिवशी नदीवर आवाज आधी येतो आणि नदी मागून दिसते. पोहण्याइतकं पाणी नाही, गुडघ्यापर्यंत जेमतेम, पण गाव त्यात पडलंय: म्हाताऱ्या परकरांसकट, पोरं कपड्यांविना, तरुण मुलं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत, आणि ज्यांच्यावर उडवायचंय त्यांच्यापर्यंत पाणी बरोबर पोचेल अशा बेतानं. सान हुआनच्या दिवशी केसांची टोकं कापली की केस वाढतात, म्हणून काठावर आयांनी मुलींची डोकी धरलीत. वाळूवर घोड्यांची शर्यत. आलामोच्या झाडाखाली एक व्हायोलिन, एक गिटार, दोन्ही वेगवेगळ्या सुरांत. पूर्वेच्या डोंगरावर काळा ढग उभा आहे आणि प्रत्येक जण दर थोड्या वेळानं तिकडे बघून हसतो.

चादरी पसरल्या जातात, फडकी सोडली जातात. प्रत्येक घराचा ढीग दुसऱ्या घराच्या बाया न बघितल्यासारखं करून नीट बघतात. शेजारीण एक तोर्तिया उचलून उजेडासमोर धरते. नेमकी ती. मधोमध खिडकीवाली. “ही कुणी केली गं?” नाना हनुवटीनं तुमच्याकडे दाखवते आणि आजूबाजूच्या चार चादरी खदखदून हसतात. पण ती टाकून कुणी देत नाही. दोरवाला, तोच खळ्यावरचा, पांढरा सणाचा सदरा घालून आलाय. तो ती घेतो, तिच्यात लाल मिरचीच्या रश्श्यातलं मांस भरतो, गुंडाळतो आणि मोठा घास घेतो.

रस्सा खिडकीतून बाहेर येतो. कोपरावरून ओघळतो, आणि सदऱ्यावर.

तो खाली बघतो. मग तुमच्याकडे बघतो. पळा. नदी उथळ आहे, पलीकडे सहज जाता येतं.